विसरलो दादूचा कट्टा

ठप्. ठप्. ठप्.

हा मी ऐकलेला पहिला आवाज. सड्यावरच्या, म्हणजे गावावरच्या कातळमाळावरच्या चिरेखाणीत मी अजून जमिनीच्या पोटात होतो आणि वरून टिकाव पडत होता. गडी चार ठोके घालायचा, थांबायचा, तळहातावर थुंकायचा आणि पुन्हा घालायचा. जांभा दगड खाणीतून निघतो तेव्हा ओला आणि मऊ असतो. वारा-ऊन लागलं की कडक होत जातो. माणसांचं मला उलटं दिसलं. माझ्यावर कडक माणसं येऊन बसली आणि वारा-ऊन खाऊन मऊ होऊन गेली.

मी कट्टा बोलतोय. रत्नागिरीत बंदराकडे उतरणाऱ्या एका आळीत, जुन्या दवाखान्याच्या पडवीबाहेर मी आहे. चौदा चिऱ्यांचा, चुन्यात बांधलेला, गुडघाभर उंच. माझी शंभरी जवळ आली. मला अक्षर येत नाही. जे येतं ते ऐकून. दवाखान्याबाहेर बसलेला माणूस बोलतो; दुखणं माणसाला बोलतं करतं. मी नुसतं ऐकत आलो. म्हणून सावकाश बोललो तर रागवू नका. घाई मला जमत नाही.

आणि आज बोलतोय तो लीलासाठी. लीला म्हणजे या दवाखान्यातल्या कंपाउंडरची मुलगी. त्र्याहत्तर वर्षांची आहे. तिला तिच्या बापाच्या नावावरचा एक डाग पुसायचा होता. गेल्या रविवारी तो पुसायची वेळ आली. त्या दिवशी काय झालं ते तिथं उभ्या असलेल्या कुणालाही नीट कळलं नाही. मला कळलं.

पण आधी आळीचं सांगतो.

आमच्या आळीला बाटलीआळी म्हणतात. नवीन राहायला आलेले लोक लाजतात, पत्ता सांगताना ‘बंदराच्या रस्त्यामागे’ एवढंच म्हणतात. ही बाटली औषधाची आहे. पूर्वी दवाखान्यात यायचं तर बाटली घरून धुऊन आणावी लागे. ज्याच्याकडे नसेल त्याच्यासाठी कोपऱ्यावर रिकाम्या बाटल्यांचं दुकान होतं. सकाळी आळीत बाटल्यांचा किणकिणाट चाले. कुणाच्या पिशवीत, कुणाच्या पदरात, कुणाच्या टोपलीत मासळीच्या शेजारी.

आता दर रविवारी सकाळी उन्मेष वीस-पंचवीस माणसं घेऊन येतो. उन्मेष हा तिशीतला डॉक्टर. गावातल्या जुन्या औषधपाण्याच्या जागा तो पायी हिंडून दाखवतो. फेरी बंदरावर सुरू होते. मुंबईच्या बोटीतून उतरलेल्या माणसांना तिथं रांगेत उभं करून काखेत गाठ आहे का ते बघत. मग सड्याची कड, जिथं प्लेगच्या वेळी गावानं झावळ्यांच्या खोपी बांधल्या आणि जेवणाचे टोप रस्त्यावर ठेवून लोक लांब उभे राहिले. मग ती विहीर, जिच्यात पटकीच्या साथीच्या वर्षी लाल औषध टाकलं आणि गुलाबी पाणी बघून बायका कळशा रिकाम्याच घेऊन परत गेल्या. शेवटी एका म्हाताऱ्या सुईणीनं सगळ्यांदेखत ओंजळभर पिऊन दाखवलं, तेव्हा त्या पाणी भरायला लागल्या. मग आमची आळी.

मी यातलं काही बघितलेलं नाही. मी इथून हललो नाही. पण माझ्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांकडून मी हे सगळं उन्मेषच्या आधी ऐकलंय, आणि तो बरोबर सांगतो. त्याच्या बोलण्यात या गावाचं कौतुक असतं. मलाही ते आहे. साधनं थोडी होती, माणसं घाबरलेली होती, तरी कुणीतरी पहिली ओंजळ पीत होतं.

“बाटलीआळी म्हणजे ती बाटली का हो?” दर रविवारी कुणीतरी विचारतोच.

“ती नव्हे,” उन्मेष म्हणतो. “निदान तेव्हा नव्हती.”

माणसं हसतात. मग तो पडवीतली छोटी खिडकी दाखवतो. तिचा उंबरा बाटल्या ठेवून ठेवून बशीसारखा खोल झाला आहे. आत आता झेरॉक्सचं दुकान आहे. त्या खिडकीतून आता कागद बाहेर येतात.

त्या खिडकीमागे दादू उभा असायचा. दादू शिवलकर, कंपाउंडर. शिडशिडीत, खांदे थोडे पुढे आलेले. औषध ढवळायचा, बाटलीत ओतायचा, मग कागदाची पट्टी घेऊन कात्रीनं तिच्यावर खाचा पाडायचा आणि खळीनं बाटलीला चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. ज्याला वाचता येत नाही त्यालाही खाच दिसते. पण दादूचं काम तिथं संपत नसे. तो बाहेर यायचा आणि रोग्याशेजारी माझ्यावर बसायचा. बाटली हातात धरून एकदा सांगायचा, दुसऱ्यांदा सांगायचा, आणि तिसऱ्यांदा म्हणायचा, “आता तू मला सांग.”

मासळी विकणारी मैना टोपली माझ्यावर टेकवून ऐकत बसायची. “दादू, तू बोलत बसलास की ताप आपला आपण उतरतो बघ. कंटाळून.”

“मग माझं काम झालं,” दादू म्हणायचा.

भास्कर डॉक्टर आले ते पुण्याकडचे. सत्तावीस वर्षांचे, गोरे, ताठ. बोलणं स्वच्छ आणि तुटक. आधीचे म्हातारे डॉक्टर वारले होते आणि दवाखाना चार महिने बंद होता, म्हणून गावानं त्यांना डोक्यावर घेतलं. माणूस खरंच हुशार होता. पायाला चिखल लागेल म्हणून कुणाच्या घरी जायचं त्यांनी कधी टाळलं नाही. मला फक्त त्यांचे बूट आवडायचे नाहीत. टाचेला लोखंड होतं.

ते येऊन तीन महिने झाले असतील. काजळी नदीच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून तुळसा नावाची बाई आली. वीस-बावीस वर्षांची. कडेवर चार वर्षांचं पोर, बाबल्या. पहाटे निघून चालत आली होती. पोराची छाती भात्यासारखी हलत होती. डॉक्टरांनी तपासलं, सुई दिली, औषध लिहून दिलं आणि बजावलं, “दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. चुकवायचं नाही. चौथ्या दिवशी घेऊन ये.”

दादू बाटली घेऊन बाहेर आला आणि माझ्यावर बसला. खाचा दाखवल्या. “तीन वेळा, जेवणानंतर,” तो म्हणाला. पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा विचारलं, “आता तू मला सांग.”

“तीन येळा, जेवल्यावर,” तुळसा म्हणाली.

मी ऐकलं ते असं. शब्दाला शब्द.

चौथ्या दिवशी ती आली. आली ती धावतच. माझ्यावर टेकली, पोर मांडीवर, आणि पिशवीतून बाटली काढून बाजूला ठेवली. माझ्या चिऱ्यावर भरलेल्या बाटलीचा जो जड आवाज होतो, तो झाला. दादू खिडकीतून बाहेर आला. त्यानं आधी बाटली बघितली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती.

“बाय, औषध नाही दिलंस?”

“जेवलाच नाय ओ तो,” ती म्हणाली. “ताप हाय ना. पेजच पितोय चार दिस. जेवला की देनार हुते.”

तुम्ही दुसरीकडचे असाल तर तुम्हांला हे सांगायला हवं. आमच्याकडे पेज ही पेज आणि जेवण ते जेवण. तांदूळ पाण्यात मऊ शिजवून, मीठ घालून ती सकाळी पितात, शेतावर नेतात, आजाऱ्याला देतात. पोट भरतं, पण पेज प्यायलेल्या माणसाला ‘जेवलास का’ म्हणून विचारलं तर तो ‘नाही’ म्हणेल. खोटं बोलत नाही तो. जेवण म्हणजे भात, कालवण, पान. तुळसा घरात एकटी, पोराला जेवण जाईना. जेवण झालं नाही तर जेवणानंतरचं औषध द्यायचं कसं? जेवणाआधी दिलं तर बाधेल म्हणून ती भ्याली. तिला सांगितलेलं सगळं तिनं पाळलं होतं.

दादूचा चेहरा मला दिसला नाही, पण त्याचे पाय थांबले. मग त्यानं पोर उचललं आणि आत धावला.

बाबल्या दुपारी गेला. आतल्या बाकावर. डॉक्टरांनी फार खटपट केली. त्यांचे बूट तासभर आत इकडून तिकडे होत होते. मग ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ती भरलेली बाटली होती. माझ्यावर आणि भोवती आठ-दहा माणसं बसलेली. मैनाही होती.

“हे काय आहे?” डॉक्टर म्हणाले. “एक थेंब दिला नाही? का दिला नाही?”

तुळसा खाली, माझ्या पायाशी बसली होती. तिनं मान वर केली. तोंड उघडलं. तिला सांगता येईना. आणि मला वाटतं, त्याच क्षणी तिच्या ध्यानात यायला लागलं होतं. बाटली डॉक्टरांच्या हातात. भरलेली. तिच्या घरात चार दिवस फळीवर होती ती.

“डॉक्टर, माझं चुकलं,” दादू म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

“पेजेवर दिलं तरी चालतं, हे हिला सांगायचं होतं. मी विसरलो.” मग तो तुळसाकडे वळला आणि अगदी सावकाश, तिसऱ्यांदा सांगतो तसं म्हणाला, “बाय, तुझं काही चुकलं नाही. मी सांगायला विसरलो.”

तो विसरला नव्हता. पेजेचं डॉक्टरांनी सांगितलंच नव्हतं. त्यांना पेज म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. आणि दादूला ते सुचलं नव्हतं. त्याला जे सांगायला दिलं होतं ते त्यानं तीनदा सांगितलं होतं. पण न सुचणं आणि विसरणं यातला फरक त्या दिवशी विचारायला कुणाला सवड होती? डॉक्टरांनी आत जाऊन आपल्या वहीत लिहिलं. बाकीच्यांनी ते गावात नेलं.

तेव्हापासून तो विसरलो दादू झाला.

“काय विसरलो, आज बाटलीत औषध घातलंस ना? का नुसतं पाणी?” लोक विचारायचे. थट्टाच होती, पण तिला धार होती. मैनानं तर पहिले काही महिने त्याला मासळीच दिली नाही. “तुला देऊन काय उपयोग,” म्हणायची, “शिजवायला विसरशील.” डॉक्टरांनी वर्षभर रोग्यांना समजावायचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. तो आत बाटल्या भरायचा आणि माझ्यावर बसायला येत नसे. त्या वर्षी मला फार सुनं वाटलं.

लीला तेव्हा नऊ वर्षांची. शाळेत तिला मुली म्हणायच्या, “विसरलोची लीला.” ती घरी येताना माझ्यावर टेकून पाटीवरची धूळ पुसायची आणि बराच वेळ पुसत राहायची. पुढं ती मोठी झाली तेव्हा दाभोळचं एक स्थळ आलं. मुलगा तिला आवडला होता. सगळं ठरत आलं आणि मुलाच्या मामानं निरोप पाठवला, ज्याच्या हातून पोर गेलं त्याच्या घरची सोयरीक नको. तिनं नंतर लग्न केलं नाही. नगरपालिकेच्या शाळेत शिकवलं. अजून इथून तीन घरं वर राहते.

डॉक्टरांचं सांगायचं राहिलं. ते वाईट माणूस नव्हते, हे मला नीट सांगायचंय. त्या दिवसानंतर ते गावातल्या बायकांना विचारायला लागले. पेज कधी घेता? जेवता कधी? कोंबड्या टोपलीखाली कधी झाकता? बायका हसायच्या, डॉक्टर लाल व्हायचे आणि तरी विचारायचे. मग त्यांनी खिडकीशेजारी एक फळी लावली आणि तिच्यावर स्वतःच्या हातानं चित्रं काढली. पेजेचा वाडगा. जेवणाचं पान. टोपलीखाली कोंबडी, म्हणजे तिन्हीसांज. प्रत्येक चित्रापुढे औषधाची एक खाच. पलीकडच्या तालुक्यातले डॉक्टर ती फळी बघायला आले. पुण्याकडून येऊन त्यांनी आमचा दिवस शिकून घेतला आणि आमच्या दिवसात औषध बसवलं. मी त्यांच्या बुटांना क्षमा केली.

एका दुपारी रोगी नव्हते. डॉक्टर बाहेर आले आणि माझ्यावर बसले. पहिल्यांदाच. दादूला हाक मारली आणि शेजारी बसवलं.

“शिवलकर, सव्वा वर्ष मी तुम्हांला बघतोय,” ते म्हणाले. “तुम्ही कात्री कुठं ठेवली तेसुद्धा विसरत नाही.”

दादूनं खिशातली कात्री काढली आणि पुन्हा खिशात घातली.

“पेजेचं मला तेव्हा माहीतच नव्हतं. मग मी तुम्हांला सांगणार कुठून आणि तुम्ही विसरणार कसे?”

“विसरलो डॉक्टर,” दादू म्हणाला.

“मी वहीतलं खोडतो.”

“नको. वही कोण कुठं वाचेल. ती बाई ह्या बाजूला बाजाराला येते.”

उठताना डॉक्टरांनी दादूच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून दादू पुन्हा बाटली घेऊन माझ्यावर बसायला लागला. नाव मात्र तेच राहिलं. पुढंपुढं तर तो स्वतःच दारातून हाक घालायचा, “कोण रे, विसरलोकडं कोण आलंय?”

डॉक्टर गेले, दादू गेला, दवाखाना बंद झाला. जाण्यापूर्वी दोन महिने दादूचं दुखणं वाढलं होतं. तरी एका संध्याकाळी लीलानं त्याला धरून इथं आणून बसवलं. तेव्हा त्यानं तिला सांगितलं. “विसरलो नव्हतो गो. सुचलं नव्हतं.” एवढंच. लीलानं विचारलं, “मग आम्ही सगळ्यांनी का सोसलं?” तो म्हणाला, “तिला एकटीला झेपलं नसतं. आपण तिघं होतो.” लीलाची आई, लीला आणि तो.

लीलाला हे पटलं नाही. ती मनानं चांगली आहे, पण तिच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं.

आता रविवारच्या फेरीकडे येतो. उन्मेषला भास्कर डॉक्टरांची वही त्यांच्या पुण्याच्या पुतण्याकडे मिळाली. गेल्या महिन्यात त्यानं ती माझ्यासमोर उभं राहून वाचून दाखवली. “‘कंपाउंडर सूचना द्यायला विसरला. मूल गेले. यापुढे प्रत्येकाला पेजेची वेळ विचारणे.’ बघा,” उन्मेष म्हणाला, “एका विसराळू कंपाउंडरच्या चुकीतून एक डॉक्टर कसा शिकला.” लोकांनी फोटो काढले. लीला भाजी घेऊन घरी चालली होती. तिच्या चपला आळीच्या मधोमध थांबल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं उन्मेषला इथंच गाठलं.

“मी त्या विसराळू कंपाउंडरची मुलगी.”

उन्मेष चटकन उभा राहिला. “ताई, माफ करा. मला ठाऊक नव्हतं. वहीत होतं ते मी—”

“वहीत आहे ते खरं नाही. मला बोलू द्याल फेरीत?”

“का नाही? अवश्य बोला. मला उलट हवंच आहे.”

मग तीन आठवडे ती रोज सकाळी माझ्यावर येऊन बसली. हातात वहीचा कागद. शाळेतली बाई ती, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो. पण इथं ती पुटपुटायची. “माझे बाबा विसरले नव्हते. त्यांनी सूचना तीन वेळा दिली होती. औषध दिलं गेलं नाही, कारण त्या बाईनं...” इथं ती दर वेळी अडखळायची. “त्या बाईनं ते दिलं नाही.” मग म्हणायची, “कारण तिचा समज वेगळा होता.” मग खोडायची. एकदा मोठ्यानं म्हणाली, “बाईची चूक होती, म्हणून टाक की!” झेरॉक्सवाल्यानं डोकं बाहेर काढून बघितलं.

मला तिचं बरोबर वाटत होतं. साठ-पासष्ट वर्षं झाली. ती बाई असेल-नसेल. बापाचं नाव आहे, मुलीनं ते स्वच्छ करावं. मीही वाट बघत होतो.

रविवार आला. माणसं पुष्कळ होती, पस्तीसेक. लीला इस्त्रीचं पातळ नेसून आली आणि पडवीच्या खांबाशी उभी राहिली. कागद मुठीत. तेवढ्यात आळीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. त्यातून नर्सिंग शिकवणारी ज्ञानेश्वरी उतरली, आधी एकदा फेरीला येऊन गेलेली. तिनं एका अगदी म्हाताऱ्या बाईला हाताला धरून आणलं आणि माझ्यावर बसवलं.

“सर, ही माझी आजी,” ती उन्मेषला म्हणाली. “आईची आई. तुम्ही त्या दिवशी वहीतलं वाचलंत ना, ते मी घरी सांगितलं. तर ही म्हणाली, मला तिकडं ने.”

बाईचं वजन निम्मं झालं होतं, म्हणून मी ओळखलं नाही. मग तिनं माझ्या कडेच्या चिऱ्यावर हात फिरवला, जिथं ती बाटली ठेवली होती तिथं. तुळसा.

“काय सांगायचंय आजी?” उन्मेष तिच्यासमोर उकिडवा बसला.

“सांगायचं काय,” ती म्हणाली. “माजा पोरगा हितं गेला. बाबल्या. चार वर्साचा हुता. तू ते वाचून दाकवलंस म्हनं, म्हनून आले. हितं कुनी त्याचं नाव तरी घेतलं.”

तिनं पुन्हा त्या चिऱ्यावरून हात फिरवला.

“त्याला हितंच माती दिली. घरी जाताना वाटभर बोलत हुते, मीच मारला, मीच मारला. नदीवर साकव हाय. तितं उभी ऱ्हायले. खाली पानी. बाबल्याचा अंगरका हातात. मंग आठावलं, दादू बोल्ले ना, मी सांगायला विसरलो. सगळ्यांम्होरं कबूल केलानी. मंजे माज्या हातून नाय झालं.” तिनं श्वास घेतला. “मंग साकव उतरले. शेजारनीकडं धाकटी ठेवली हुती, अंगावर पिती. हिची आवस.”

ज्ञानेश्वरी खाली बघत होती.

“तुम्हांला राग नाही आला त्यांचा?” गर्दीतल्या एकानं विचारलं.

“आला तर! दोन वर्सं बाजाराला आले तर ह्या आळीतनं जात नव्हते. मंग गेला. मानूस विसरतो. मी नाय विसरत? काल कालवनात मीठच नाय घातलं. हिनं गप खाल्लंन, बिचारीनं.”

माणसं हसली. उन्मेषही हसला आणि उठून उभा राहिला. “आजी, तुम्हांला एक गंमत सांगू? त्या दादू कंपाउंडरांच्या कन्या आज इथं आहेत. लीलाताई. त्या आपल्याशी बोलणार आहेत.”

“दादूंची?” तुळसा भोवती बघायला लागली. “कुटं? ये गो बाय. हितं बस.”

लीला खांबापासून निघाली. चार पावलं होती ती, पण तिला वेळ लागला. ती माझ्यावर बसली. तुळसानं तिचा हात घेतला, कागद असलेलाच, आणि आपल्या दोन्ही हातांत धरला.

“तुज्या बापसाला सांगायचं ऱ्हायलं बघ. लई मनात हुतं. यायला निगायचे आनि नाय यायचे. राग गेला म्हनून सांगायचं हुतं. ते गेले. आता तुला सांगते. तू ऐकलंस मंजे त्यांना पोचलं.”

तुम्ही जे माझ्याकडून ऐकलंत ते तुमच्यापाशीच ठेवा. नदीच्या वरच्या अंगाला कधी गेलात तर तिथं ते बोलू नका. माझी तुमच्याकडे मागणी काय ती एवढीच.

लीलाचा हात त्या दोन हातांत तसाच होता. कागदाचा चुरगळण्याचा आवाज मला आला, मग तोही थांबला. उन्मेष वाट बघत होता. पस्तीस माणसं वाट बघत होती. कुणी फोन वर धरला होता.

“ताई, बोला ना,” उन्मेष म्हणाला. “वहीतलं खरं नाही असं तुम्ही म्हणाला होतात.”

लीलानं तुळसाकडे बघितलं. मग ज्ञानेश्वरीकडे. बराच वेळ बघितलं. तिनं दुसरा हात तुळसाच्या हातांवर ठेवला, थोपटला, आणि आपला हात अलगद सोडवून घेतला. उठली. कागद कमरेला खोचला, चपला पायांत सरकवल्या आणि कुणाशी काही न बोलता आळी चढून गेली.